किट कारची पेट्रोल टाकी : वास येतोय, पाझर सापडत नाही

फिरस्ता
गेली दोन वर्षं मी एक दोन आसनी उघडी किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायची गाडी, बांधतोय. नळ्यांची चासी, फायबरची बॉडी, इंजिन पुढे, टाकी मागे सामानाच्या कप्प्याखाली. टाकी ॲल्युमिनियमची, ३ मिमी पत्र्याची, बाहेरून करून घेतली. माप ७० × ३५ × १८ सेंमी, म्हणजे साधारण ४४ लिटर.

गाडी चालते, छान चालते. पण टाकी पाऊणच्या वर भरली की दुसऱ्या दिवशी कप्प्याचं झाकण उघडताच पेट्रोलचा वास येतो. खाली थेंब नाही. पांढरं कापड रात्रभर अंथरून पाहिलं, सकाळी कोरडं. अर्ध्या टाकीवर वास जवळजवळ नाहीच.

टाकी करणाऱ्याचं म्हणणं की नव्या टाकीला थोडा वास येतोच. मला ते पटत नाही. या गाडीत मुलीला शेजारी बसवायचं आहे, त्यामुळे 'येतोच' म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही. वेल्डिंगच्या जोडात बारीक छिद्र असावं असा अंदाज आहे. ज्यांनी टाकी बसवली आहे त्यांनी कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?

बारातेरा
आधी एक करा. गाडी बंद खोलीत असेल तर आजच बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती उडून जात नाही, जमिनीलगत साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की ठिणगीला पुरेशी. आणि उणे ४० अंशांतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा थंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खोलीत फ्रिज, पाण्याचा पंप, हीटर काही असेल तर विशेष जपा.

आता टाकीबद्दल. वास फक्त पाऊणच्या वर येतो, हा तुमचा सगळ्यात मोठा सुगावा आहे. गळती वरच्या भागात आहे. खालचा जोड फुटला असता तर अर्ध्या टाकीवरही दिसला असता. माझ्या अनुभवात टाकीचा पत्रा आणि वेल्डिंग क्वचित गळतं, गळतात ती टाकीला पाडलेली भोकं. तुमच्या टाकीला एकूण भोकं किती आणि कुठे, ते आधी लिहा.

फिरस्ता
गाडी बाहेर काढली.

भोकं अशी : भरण्याचं तोंड वर उजव्या बाजूला, ५१ मिमी, त्यावर रबरी नळी आणि बॉडीवरचं झाकण. काटा दाखवणारा फ्लोट वर मधोमध, पाच स्क्रूवर. हवेची नळी वर डाव्या कोपऱ्यात. पेट्रोल बाहेर जाण्याची तोटी खाली मागे, परतीची नळी वर. एकूण पाच. खालची तोटी पूर्ण कोरडी आहे, टिश्यू पेपर गुंडाळून पाहिला.

नवशिक्या
कॉम्प्रेसर लावून दोन बार हवा भरा, साबणाचं पाणी मारा, लगेच बुडबुडे दिसतील. ट्यूबचं पंक्चर तसंच काढतात.

आर्गॉन
कृपया असं अजिबात करू नका. ट्यूब गोल असते, टाकी चपटा डबा आहे. हिशेब करा : वरचा पत्रा ७० × ३५ म्हणजे २४५० चौरस सेंमी. दोन बार म्हणजे दर चौरस सेंमीला साधारण दोन किलो. पत्र्यावर जवळजवळ पाच टनांचा रेटा येईल. डबा फुगेल, जोड उलेल, आणि फुटला तर दाबलेली हवा पत्रा कुठे भिरकावेल सांगता येत नाही. दहा-बारा वर्षं टिग वेल्डिंग करतोय, फुगून गोल झालेल्या टाक्या माझ्याकडे दुरुस्तीला आल्या आहेत.

टाकीला दाब द्यायचा तो पाण्याच्या उंचीने मोजून. पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक टाकीला जोडा, दुसरं उघडं ठेवा. बाकीची सगळी तोंडं बंद करा. सायकलच्या पंपाने हळूहळू हवा द्या, दोन बाजूंच्या पातळीत ६० सेंमी फरक पडला की थांबा. एक सेंमी पाणी म्हणजे दर चौरस सेंमीला एक ग्रॅम, तेव्हा ६० सेंमीला वरच्या पत्र्यावर साधारण १४७ किलो रेटा येतो. एवढा पुरतो. चुकून जास्त हवा गेलीच तर पाणी उघड्या टोकातून उडून दाब आपोआप सुटतो, हे या पद्धतीतलं मला सगळ्यात आवडणारं.

पण आधी टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी. आत थोडं जरी पेट्रोल राहिलं तर त्याची वाफ होऊन दाब वाढत राहील आणि गळती झाकली जाईल. उघड्यावर, सावलीत, दोन-तीन दिवस सगळी तोंडं उघडी ठेवून वाळू द्या.

रानवारा
आर्गॉन यांच्याशी पूर्ण सहमत. नवशिक्या, आम्हीही सुरुवातीला हेच विचारलं होतं, विचारलंत ते बरं केलंत.

फिरस्ता, टाकी उतरवतच आहात तर ती कुठे आणि कशी बसली आहे तेही पाहून घ्या. १९७८ मध्ये अमेरिकेत फोर्डला पिंटो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, १९७१ ते १९७६ च्या. टाकी मागच्या ॲक्सल आणि बंपरच्या मधे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाऊन डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरपेटीच्या) बोल्टांवर आदळे, आणि भरण्याची नळी टाकीतून उपटून निघे. दुरुस्ती म्हणून मधे प्लॅस्टिकची ढाल आणि जास्त लांब, आत खोल जाणारी नळी दिली गेली. आपण घरी बांधतो तेव्हा आपणच डिझाइनर असतो. गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि टाकीच्या चारी बाजूंना बघा : कुठला बोल्ट, कुठला कंस, कुठला शॉक ॲब्झॉर्बर टाकीकडे टोक करून उभा आहे? असेल तर बोल्ट उलटा घाला, डोकं टाकीकडे आणि आटे पलीकडे. दहा मिनिटांचं काम आहे.

फिरस्ता
रानवारा ताई, पाहिलं. मागच्या सस्पेन्शनच्या खालच्या कंसाचे दोन बोल्ट टाकीपासून जेमतेम ४ सेंमीवर, आटे टाकीकडे! आजच उलटे केले. हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

टाकी बसवली आहे ती दोन पट्ट्यांवर, खाली नमद्याचे तुकडे.

बारातेरा
नमदा काढा. तो पाणी शोषतो आणि ओला राहतो. ॲल्युमिनियम ओल्या नमद्याला चिकटून राहिलं की त्या जागी पांढरी पावडर धरते आणि पत्रा आतून पोखरत जातो. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस पट्टीखाली सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी न शोषणारं रबर वापरा, निओप्रीन उत्तम. पट्ट्या लोखंडी असतील तर लोखंड ॲल्युमिनियमला कुठेही उघडं टेकता कामा नये, ओलाव्यात दोन धातूंची जोडी गंजते आणि खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.

पट्ट्यांची ताकदही मोजा. ४४ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ३३ किलो. धडकेत वजनाच्या वीसपट झटका धरला तर ६६० किलो होतात. पट्टीचा बोल्ट चासीच्या नळीला हवा, फायबरच्या तळाला नको. टाकीला कान वेल्ड करून त्यावर ती टांगणं मला मान्य नाही. चासी वळते, टाकी वळत नाही, आणि चिरा पडतात त्या कानाच्या मुळाशी.

चाकोरी
वाचतो आहे. फार उपयोगी चर्चा. मधेच विचारतो, माझं किट अजून खोक्यात आहे. ॲल्युमिनियम, लोखंड की प्लॅस्टिक? इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय?

आर्गॉन
चाकोरी, तयार साच्यातली जाड पॉलिथिलीनची टाकी तुमच्या जागेत बसत असेल तर मी, स्वतः वेल्डर असून, तीच घ्या म्हणेन. जोड नाही, गंज नाही, धडकेत चेपते पण सहसा फाटत नाही. अडचण एवढीच की आकार आपल्या मनासारखा मिळत नाही.

ॲल्युमिनियम करून घेणार असाल तर ५०५२ किंवा ५०८३ क्रमांकाच्या मिश्रधातूचा पत्रा मागा. ६०६१ नको, वेल्डच्या बाजूला त्याची ताकद बरीच उतरते. आत बॅफल, म्हणजे आडपडदे, हवेतच, नाहीतर वळणावर सगळं पेट्रोल एका बाजूला धावतं, इंजिन उपाशी राहतं आणि कडेच्या जोडांवर दर वळणाला हातोडा बसतो. बॅफलचे खालचे कोपरे थोडे छाटलेले ठेवा म्हणजे तळाशी पेट्रोल एका खणातून दुसऱ्यात जाईल.

इथेनॉलवाल्या पेट्रोलला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. जुन्या फायबरच्या टाक्या, पॉलिएस्टर रेझिनच्या, त्याने मऊ पडतात आणि तो चिकट गाळ कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. जुन्या गाडीची फायबर टाकी कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका.

फिरस्ता
चाचणी केली. टाकी उतरवली, तीन दिवस वाळवली, यू नळी बांधली. संध्याकाळी सहाला ६० सेंमी. सकाळी सहाला ४२. साबणाच्या पाण्याने सगळे वेल्ड तपासले, एकही बुडबुडा नाही. तरी १८ सेंमी गेले कुठे? आता वेल्डवर वरून इपॉक्सी लावू का? की पुन्हा वेल्ड मारून घेऊ?

आर्गॉन
थांबा. दोन्ही करू नका.

एकदा पेट्रोल भरून झालेली टाकी वेल्ड करायला कोणाकडे नुसती उचलून नेऊ नका. धुतली, वाळवली, वास येत नाही, तरी दुमडीत आणि जोडाच्या फटीत पेट्रोल असतं. ज्योत लागली की ते तापून वाफ बाहेर येते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ते काम आतली हवा घालवून निष्क्रिय वायू भरण्याची सोय आणि सवय असणाऱ्याचंच.

आता एक सांगा, संध्याकाळी तापमान किती होतं आणि सकाळी किती?

फिरस्ता
संध्याकाळी २९, पहाटे २४.

बारातेरा
मग उत्तर तिथेच आहे. बंद हवा थंड झाली की दाब उतरतो. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १०.३ मीटर पाणी. तो हवेच्या निरपेक्ष तापमानाने, म्हणजे सुमारे ३०० केल्विनने भागा, दर अंशाला साडेतीन सेंमी येतात. पाच अंश उतरले, म्हणजे सतरा-साडेसतरा सेंमी. तुमचे अठरा जवळजवळ सगळे हवेच्या थंडीने गेले. बाहेरचा हवेचा दाब दिवसभरात एक-दोन हेक्टोपास्कल हलतो, त्यानेही सेंमीभर फरक पडतो.

रात्रभराची चाचणी म्हणून फसवी. सावलीत, भर दुपारी तापमान स्थिर असताना अर्धा तास ठेवा. शेजारी तापमापक ठेवा.

तुमचे वेल्ड चांगले आहेत असंच आतापर्यंत दिसतं. पण चाचणीत भरण्याचं तोंड आणि फ्लोटचं भोक कसं बंद केलं होतं?

फिरस्ता
भरण्याच्या तोंडाला रबरी बूच, क्लॅम्प लावून. फ्लोटचं भोक पत्र्याची चकती आणि नवीन रबर लावून बंद केलं. फ्लोट काढून ठेवला होता, मोडेल म्हणून.

बारातेरा
म्हणजे टाकी तपासली, पण ज्या दोन जागांवर माझा संशय आहे त्या दोन्ही चाचणीत नव्हत्याच. फ्लोट त्याच्या जुन्या गॅस्केटसकट (गळती अडवणाऱ्या मधल्या चकतीसकट) बसवा. भरण्याची नळी आणि तिचे क्लॅम्प आहेत तसे लावा, बूच नळीच्या वरच्या टोकाला मारा. मग ६० सेंमी.

रानवारा
आणि त्या नळीवर काय छापलंय तेही वाचा.

फिरस्ता
दोन तासांपूर्वी केली. लिहायला हात थरथरतायत इतका आनंद झालाय.

पाणी २० मिनिटांत ६० वरून ३१. तापमान एक दशांशही हललं नव्हतं. फ्लोटभोवती साबणाचं पाणी लावलं, आणि पाचपैकी तीन स्क्रूच्या डोक्यांखालून बारीक फेस यायला लागला. गॅस्केटच्या कडेने नाही, स्क्रूच्या आट्यांमधून! मग स्टीलची पट्टी भोकाच्या कडेवर आडवी ठेवून मागून टॉर्च लावला. दोन स्क्रूंच्या मधे पत्रा वर उचललेला आहे, पट्टीखालून उजेड दिसतो. गॅस्केट बुचाची होती, कडक झालेली, बोटांत चुरली.

नळीवर काही छापलेलं नाही. कापून पाहिली. आतली बाजू फुगलेली, चिकट, नखाने ओरखडा उठतो. जिथे क्लॅम्प होता तिथे रबर मऊ होऊन कडेने बाहेर आलं आहे. नव्या नळीचा तुकडा शेजारी ठेवला तर भिंत दीडपट जाड दिसते.

रानवारा
ती रेडिएटरची नळी आहे. ईपीडीएम रबर. गरम पाण्याला उत्तम, पेट्रोलला अजिबात नाही. ५१ मिमी माप दोन्हीकडे येतं म्हणून ही चूक फार होते आणि बांधणाऱ्याचा त्यात दोष म्हणावा असं मला वाटत नाही. दिसायला दोन्ही काळ्याच.

पेट्रोलच्या नळीवर छाप असतोच. एसएई जे३० हे मानक आणि पुढे नळीचा प्रकार, आर६, आर७, आर९ असं. भरण्याच्या जाड नळीला आर६, कार्ब्युरेटरच्या कमी दाबाला आर७, इंजेक्शनच्या दाबाला आर९. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी लागत असेल तर आर१०, कारण साधी नळी आतून टिकते पण बाहेरून भिजली की विरते. इंजेक्शनच्या नळीला खाचांचे क्लॅम्प वापरू नका, खाचा रबर कापतात. गुळगुळीत गोल कडेचे मिळतात, ते घ्या.

आर्गॉन
फ्लोटचा उपाय वेल्डशिवाय होतो. दीड-दोन मिमीचा असो की तीनचा, एकट्या पत्र्यावर पाच स्क्रू आवळले की तो मधे फुगतोच. जितकं आवळाल तितकं जास्त गळेल.

सहा मिमी ॲल्युमिनियमची एक गोल कडी करून घ्या, एका जागी कापलेली, म्हणजे ती तिरकी करून भोकातून आत सरकवता येते. तिच्यात आटे पाडा. वरून तेवढ्याच मापाची अखंड कडी. पत्रा दोन्हींच्या मधे दाबला गेला की सपाट होतो. गॅस्केट नायट्राइल किंवा विटॉनची, ही पेट्रोलला टिकणारी रबरं. पण आटे टाकीत उघडेच राहतात, म्हणून प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली रबर चिकटवलेला धातूचा वायसर. पाच भोकांपैकी एक किंचित सरकलेलं असतं, फ्लोट एकाच दिशेने बसावा म्हणून, ते दोन्ही कड्यांवर आधी खूण करून घ्या.

सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. तोट्यांच्या आट्यांवर पांढरी टेपही नको, तिचे धागे तुटून फिल्टर आणि इंजेक्टरमध्ये अडकतात. पेट्रोलला टिकणारं द्रव सीलंट, पहिला आटा सोडून.

नवशिक्या
एक शंका. पेट्रोल खालच्या तोटीतून घेतलंय. ती वरूनच घ्यायला हवी होती ना? तोटी तुटली तर सगळी टाकी रस्त्यावर.

बारातेरा
चांगला प्रश्न, आणि यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. वरून आत बुडणारी नळी घेतली तर तोटी तुटल्याने टाकी ओतली जात नाही. फक्त निसटलेलं टोक टाकीतल्या पातळीच्या खाली लोंबत असेल तर वक्रनलिकेसारखं पेट्रोल ओढलं जाऊ शकतं, ते ध्यानात असू द्या. पण बाहेरचा इलेक्ट्रिक पंप ढकलतो छान, ओढतो वाईट. उन्हाळ्यात वर ओढलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी बंद पडते. म्हणून पंप बाहेर असेल तर मी खालूनच घेतो, पण तोटीला लगेच बंद करण्याचा कॉक, चासीच्या नळीच्या आडोशाने, रस्त्यावरचा दगड लागणार नाही असा. पंप टाकीच्या आत बसवता आला तर वाद मिटतो.

पंपाच्या वायरीत धडकेने सुटणारा इनर्शिया स्विच घाला. शिवाय रिले असा जोडा की इंजिन थांबलं की पंप थांबला. नळी तुटून पंप चालूच राहिला तर जाळाला तोच पेट्रोल पुरवत राहतो.

रानवारा
फिरस्ता, हवेची नळी कुठे संपते? आणि टाकी तोंडापर्यंत भरता का?

फिरस्ता
हवेची नळी सामानाच्या कप्प्यातच, टाकीच्या वर १० सेंमी. हो, तोंडापर्यंत भरतो.

रानवारा
मग वासाचं तिसरं कारणही सापडलं. पेट्रोल दर अंशाला जवळजवळ हजारांश फुगतं. जमिनीखालच्या थंड साठ्यातलं ४० लिटर पेट्रोल उन्हात २० अंश तापलं की पाऊण लिटर वाढतं. ते कुठे जाणार? हवेच्या नळीतून तुमच्या कप्प्यात.

तीन बदल करा. भरण्याच्या तोंडाशेजारी हवा निघण्याची एक वेगळी नळी द्या, तिचं टाकीतलं टोक वरच्या पत्र्याच्या दीड सेंमी खाली. पेट्रोल त्या टोकाशी पोचलं की पंपाची बंदूक बंद पडते आणि वर आठ टक्के जागा मोकळी राहते. श्वास घेणारी नळी मात्र अगदी वरच्या पत्र्यापासून निघू द्या, तिला गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह लावा, तिथून ती रोल बारच्या (आसनांमागच्या संरक्षक कमानीच्या) बाजूने वर न्या, गाडी ओलांडून दुसऱ्या बाजूला आणा आणि बाहेर खाली सोडा, सायलेन्सरपासून लांब. गाडी कुठल्याही कुशीवर पडली तरी नळीचा एक भाग पेट्रोलच्या वर राहतो.

आणि झाकणाचं धातूचं तोंड फायबरच्या बॉडीत, रबरी नळीवर बसलंय. म्हणजे ते विजेच्या दृष्टीने हवेत लटकतंय. तोंडापासून चासीपर्यंत आणि टाकीपासून चासीपर्यंत एक-एक तार जोडा. भरताना साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी तिथेच पडते.

फिरस्ता
पाच आठवड्यांनी लिहितोय.

कड्या केल्या, विटॉनची गॅस्केट, वायसर. आतली कडी भोकातून सरकवताना दोनदा हातातून सुटून टाकीत पडली, म्हणून तिला दोरा बांधला, तो शेवटचा स्क्रू लावताना काढून घेतला. पट्टीखालून आता उजेड येत नाही. नळी आर६ छापाची. हवेच्या नळ्या ताईंनी सांगितल्या तशा. त्यांची दोन नवी छिद्रं पाडली, पण वेल्ड न करता नट-वायसरच्या तोट्या बसवल्या. नमद्याच्या जागी निओप्रीन. दोन्ही तारा जोडल्या, मीटरवर सातत्य पाहिलं.

यू नळी : दुपारी ६०, अर्ध्या तासाने ६०. तापमान २९.४ आणि २९.४.

मग पाच लिटर भरलं, हातात अग्निशामक घेऊन मित्र शेजारी उभा. तासभर काही नाही. मग पूर्ण टाकी, बंदूक आपोआप थांबली. उतारावर नाक खाली, मग नाक वर, प्रत्येकी रात्रभर. सकाळी कप्पा उघडला तेव्हा फक्त नव्या रबराचा वास.

आर्गॉन
फार समाधान वाटलं. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की ते पाच स्क्रू एकदा हाताने तपासा. नवी गॅस्केट थोडी बसते. समोरासमोरचे आळीपाळीने, पाव फेऱ्याहून जास्त नाही.

फिरस्ता
तपासले. दोन थोडे सैल होते, बाकी तीन जागच्या जागी. रविवारी मुलगी शेजारी बसली होती.